सोलापुरात नकळत टिपलेला आवाज

सोलापूरहून परत आल्यावर शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला तो चादरींचा. किती आणल्या, कुठल्या रंगाच्या, धुतल्यावर रंग उतरतो का. मी एकही चादर आणली नव्हती. मी आवाज आणायला गेले होते, आणि हे काकूंना कसं सांगायचं ते कळेना. वेळच मिळाला नाही, असं म्हणून सुटका करून घेतली. खरं काय झालं ते इथे लिहिते.

मी सांगलीत राहते आणि नाटकांसाठी आवाज तयार करते. घोड्याच्या टापा हव्या असतील तर करवंट्या वाजवते, वाळूवरची पावलं हवी असतील तर साबुदाण्याची पिशवी दाबते. पण हे झालं हुकमी काम. माझा खरा साठा वेगळा आहे. गेली वीस वर्षं कुठेही गेले तरी पिशवीत एक छोटा रेकॉर्डर असतो. लग्नघरात रिकामं पातेलं फरशीवरून ओढत नेतात तो आवाज, बंद पडत चाललेल्या पंख्याचा आवाज, शाळेच्या लोखंडी फाटकाची कुरकुर, असं काय काय मी गोळा करत आले. कशाला लागेल ते गोळा करताना कधीच माहीत नसतं. आणि सगळ्यात उपयोगी पडले ते चुकून मिळालेले आवाज. एकदा पिठाच्या गिरणीत शांतपणे जात्याची घरघर टिपत होते, तेवढ्यात पट्टा तुटला. तो तुटल्याचा आवाज मी पुढे एका नाटकात मुलगी घर सोडून जाते त्या क्षणाला वापरला. लोक मला विचारत होते, ते वाद्य कुठलं?

या वर्षीच्या नाटकात एक बाई बंद खोलीत एकटी आहे. बारा मिनिटं एकही शब्द नाही. तिला कशाची भीती वाटते ते प्रेक्षकांना कळत नाही, पण भीती कळली पाहिजे, आणि ती आवाजातून उभी करायचं काम माझं. तीन वेळा करून दिलं, तिन्ही वेळा सुहासने परत पाठवलं. सुहास आमचा दिग्दर्शक, कॉलेजपासूनचा मित्र. तो म्हणाला, "हे भीतीदायक आवाज आहेत. मला घाबरलेला आवाज हवाय."

घाबरलेली तर मी होतेच. गेल्या थंडीपासून माझ्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती. आधी वाटलं घरातलं काहीतरी वाजतंय, म्हणून मी फ्रिज बंद करून पाहिला. मग मिरजेच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणी झाली. डाव्या कानाला वरच्या पट्टीतलं ऐकू येणं बरंच कमी झालंय, असं त्यांनी सांगितलं. आणखी कमी होईल का, असं मी विचारलं, तर म्हणाले की आत्ता सांगता येणार नाही, मोठ्या आवाजापासून मात्र लांब राहा. हे मी कुणालाच सांगितलं नाही. आवाजाचं काम करणाऱ्या बाईचा कान जातोय हे कळलं की पुढचं नाटक कोण देणार?

आणि हे सगळं माहीत असताना मी सोलापूरला यंत्रमाग ऐकायला निघाले. मोठ्यात मोठा आवाज एकदा जवळून टिपावा, त्यात काहीतरी सापडेल, असं मनाने घेतलं होतं. कान आहे तोवर भरून घ्यावं, असंही त्यात होतं. हे मी आज लिहू शकते. तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

सांगली ते सोलापूर

मंगळवेढा मागे पडलं तशी जमीन सपाट आणि काळी होत गेली. आमच्याकडे रस्त्याला लागून ऊस असतो, त्यामुळे नजर फार लांब जात नाही. इथे ज्वारी काढून झालेली शिवारं पार आभाळाला टेकलेली होती. एरवी मी अशा प्रवासात खिडकीशी कान लावून बसते. या वेळी पूर्ण वाट मी एकच खेळ खेळत होते. उजवा कान बोटाने बंद करायचा आणि डाव्याला काय काय ऐकू येतं ते मोजायचं. इंजिन येत होतं. मागच्या सीटवरच्या बाईच्या बांगड्या येत नव्हत्या.

सोलापुरात विद्याकडे उतरले. विद्या माझी बी.एड.ची मैत्रीण, तिथल्या एका शाळेत गणित शिकवते. नवरा बँकेत, तो कामासाठी बाहेरगावी होता. घरात ती आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंनी जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. आम्ही सांगलीकर भाकरी मऊ खाणारे, तव्यावरून ताटात. ही भाकरी पापडासारखी पातळ आणि कित्येक दिवस टिकणारी. मी नेहमीसारखा तुकडा मोडायला गेले, तर अर्धी भाकरी उडून दह्याच्या वाटीत पडली. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "दमानं घ्या की. ती कुटं पळून चाललीय?"

मी घास डाव्या दाढेखाली घेतला आणि दचकले. भाकरी मोडल्याचा कडाका मला डाव्या कानात ऐकू आला, अगदी स्वच्छ. आतून आलेला आवाज त्या कानाला कळत होता. मी आणखी एक भाकरी मागून घेतली. सासूबाईंना वाटलं पाहुणीला फारच आवडली.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

विद्याच्या ओळखीतल्या श्रीनिवासअण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे. पत्र्याची लांब शेड आणि आत चोवीस माग. अण्णांच्या घरात तेलुगू बोलतात, कामगारांशी तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात. त्यांनी मला दारातच सांगितलं की आत गेल्यावर बोलायचं नाही, बोलून उपयोग नाही, आतले सगळे ओठांवरून समजून घेतात. मग मल्लेशममामांना माझ्या सोबत दिलं.

मामा साठीच्या आसपासचे, अंगाने बारीक, छत्तीस वर्षं मागावर काढलेली. त्यांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, हे अण्णांनी त्यांच्यासमोरच, तोंड दुसरीकडे करून मला सांगितलं. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी हसून मला आत चला म्हणून खूण केली.

आतला आवाज मी कानाने ऐकला असं म्हणवत नाही. तो अंगावर आला. छातीत, दातांत, पायांच्या तळव्यांत. मी कानात बोळे घालून गेले होते, पण टिपताना कसं येतंय ते ऐकायला हेडफोन लावावे लागतात, आणि बोळ्यांवरून हेडफोनमध्ये काही कळेना. मी बोळे काढले. कुणी सांगितलं नव्हतं. माझी मीच काढले.

अर्धा तास मी मागांमधल्या बोळांतून फिरले. हाती नुसता गोंगाट लागत होता. आवाज इतका भरगच्च होता की त्यातून काहीच वेगळं निघेना. मग भिंतीकडेचा अकरा नंबरचा माग थोडा निराळा वाटला, त्याच्या ठोक्यात मध्येच एक अडखळ होती. तीच मला हवी होती. मी रेकॉर्डर हातात धरून मागाच्या टोकाशी वाकले. तिथून धोटा दिसतो. आडवा धागा पोटात घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे धावणारं ते लाकडी होडगं, दोन्ही टोकांना पोलादी अणी. मी आणखी थोडी पुढे झाले.

कुणीतरी माझा दंड धरून मला मागे खेचलं. इतक्या जोरात की माझा खांदा खांबावर आपटला. ओरडायला तोंड उघडलं तोच अकरा नंबरमधून धोटा सुटला. मला तो जाताना दिसलाच नाही. समोरच्या भिंतीचा गिलावा उडाला आणि खाली लाकूड घरंगळलं तेव्हा कळलं. त्या मागाचा कामगार धावत आला आणि त्याने माग बंद केला. मामांनी माझा दंड अजून धरलेला होता. भिंतीवर अणीचा खळगा पडला होता, बरोबर माझ्या कपाळाच्या उंचीवर.

मी बाहेर पळाले. रेकॉर्डर कापडी पिशवीत कोंबला, पिशवी छातीशी धरली आणि फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीजवळ बाकड्यावर जाऊन बसले. चहावाला समोर उभा राहून काहीतरी विचारत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते, आवाज पाण्याखालून आल्यासारखा येत होता. डाव्या बाजूने मोटारसायकल गेली ती डोळ्यांपुढे आल्यावर समजली. शिट्टी आता दोन्ही कानांत होती. धोट्याची भीती तोवर निघूनही गेली होती. ही भीती वेगळी होती. गेलं, मी स्वतःच्या हाताने घालवलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी पिशवी आणखी आवळून धरली आणि रडू लागले. चहावाला बिचारा पाण्याचा ग्लास ठेवून बाजूला झाला.

थोड्या वेळाने मामा आले. जेवणाची सुट्टी झाली असावी. ते शेजारी न बसता माझ्या समोर उकिडवे बसले, ओठ दिसावेत म्हणून. माझा हात कानावर होता, तो त्यांनी पाहिला.

"वाजतंय का?" त्यांनी विचारलं. मला त्यांचं बोलणं अर्धं ऐकू आलं, अर्धं दिसलं.

मी मान हलवली. मग कुणालाच न सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. डॉक्टर, नाटक, सुहास, सगळं. हळू बोलत होते, शब्द तोंडाने नीट दाखवत होते. त्यांना किती कळलं माहीत नाही, पण त्यांची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही.

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. आधी चिमण्या गेल्या. पत्र्यावर येऊन बसायच्या, चोच उघडायच्या आणि आवाज नाही. त्यांना वाटलं, चिमण्यांनाच काहीतरी झालंय. मग प्रेशर कुकरची शिट्टी गेली. मग मुलीचा आवाज. ती तेव्हा चौथीत होती, पाठ म्हणून दाखवायची, आणि हे मान डोलवायचे.

मी विचारलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?

"भ्यालो की. लई भ्यालो. दोन वर्सं कुनाला बोललो न्हाय. काम जाईल म्हनून." ते थांबले. "भ्याव वाईट न्हाय ताई. एकट्यानं भ्यालं की वाईट."

अकरा नंबर बिघडलाय ते तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं. त्यांनी पायातली चप्पल काढून दाखवली. शेडमध्ये ते अनवाणी असतात. फरशीतून प्रत्येक माग त्यांच्या तळव्याला वेगळा लागतो. अकरा नंबर सकाळपासून लंगडत होता, ते त्या मागाच्या कामगाराला सांगायलाच निघाले होते, वाटेत मी दिसले.

रिक्षात बसल्यावर मी मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला, उजव्या कानाला लावून. ते चिडले, आणि बरोबरच चिडले. पुन्हा त्या शेडमध्ये पाऊल ठेवायचं नाही, दोन दिवस शांत राहायचं, आणि सांगलीला पोचल्याबरोबर दाखवायला यायचं, असं त्यांनी बजावलं.

विद्याकडे, दुसऱ्या दिवशी सकाळी

जाग आली ती बुद्धवंदनेने. सासूबाई रोज सकाळी म्हणतात. ऐकू येतंय, या आनंदाने मी उठले आणि आवाजाच्या रोखाने स्वयंपाकघरात गेले. तिथे कुणीच नव्हतं. सासूबाई पलीकडच्या खोलीत होत्या, अगदी उलट्या बाजूला. एक कान मागे पडला की आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही.

मग सामान आवरायला घेतलं. रेकॉर्डर पिशवीतून काढला तर बॅटरी पार उतरलेली. आदल्या दिवशी सकाळी ती पूर्ण भरलेली होती. माझ्या रेकॉर्डरच्या लाल दिव्यावर मी काळी पट्टी चिकटवलेली आहे, विंगेत अंधारात तो दिवा प्रेक्षकांना दिसू नये म्हणून. त्यामुळे तो चालू आहे की बंद ते पाहून कळत नाही. मी त्याला चार्जिंगला लावलं आणि पाहिलं. शेडमधून पळाले तेव्हा मी तो बंदच केला नव्हता. बॅटरी संपेपर्यंत तो पिशवीत चालू राहिला होता.

पुसून टाकणार होते. बोट ठेवलंही होतं. मग नुसतं उत्सुकतेने उजव्या कानाला हेडफोन लावला, आवाज अगदी कमी ठेवला.

शेडमधला गोंगाट, मग धोटा सुटल्याचा तडाखा, मग कापडाची खसफस. आणि त्यानंतर सगळं बदललं. माग भिंतीपलीकडे गेले होते, त्यांचा खडखडाट दबून जमिनीतून आल्यासारखा झाला होता. त्याच्यावर, अगदी जवळ, काहीतरी धडधडत होतं. मागाच्या ठोक्याशी जुळू पाहत होतं आणि जुळत नव्हतं. सोबत अडकत येणारा, मध्येच तुटणारा वारा. तो वारा म्हणजे श्वास आहे आणि ती धडधड म्हणजे माझी छाती आहे, हे कळायला मला दोन मिनिटं लागली. मी पिशवी इतकी आवळून धरली होती की माइक बरगड्यांवर टेकला होता.

मी हेडफोन काढून ठेवला आणि विद्याला हाक मारली. एकटीने पुढचं ऐकवेना.

विद्याने मी रिक्षात बसेपर्यंतचं सगळं ऐकलं. शेवटी माझं रडणं होतं, आणि मामांचं बोलणं. तिने डोळे पुसले आणि रागावून विचारलं की थंडीपासून मला एकदाही का सांगितलं नाहीस.

सुहासला हवा होता तो आवाज हाच, यात शंका नव्हती. इतकी वर्षं मी दुसऱ्या वस्तूंचे आवाज गोळा करत फिरले आणि हा माझ्या नकळत माझ्याच अंगावरून टिपला गेला. पण तो द्यायचा तर कुठून आला ते सांगावं लागणार. आणि त्यात मामांचा आवाज होता, तो त्यांना न विचारता वापरणं मला पटत नव्हतं. सांगलीची गाडी दुपारची होती. विद्याने शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि मला स्कूटरवर पुन्हा एमआयडीसीत नेलं.

कडुनिंबाखाली

मी फाटकाच्या आत गेले नाही. अण्णांनी मामांना बाहेर पाठवलं. अण्णा माफी मागत होते, तो माग खोलून ठेवलाय असं सांगत होते. चूक माझीच जास्त होती, ते मी त्यांना सांगितलं.

मामांना मी समजावलं की काल यंत्र चालू राहिलं, तुमचं बोलणं त्यात आलंय. मग मला एकदम जाणवलं की ज्याची परवानगी मागतेय तो आवाज त्यांना ऐकवता येणारच नाही. मामांनी माझ्याजवळचा छोटा स्पीकर मागून घेतला, आपल्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर उलटा ठेवला, आणि झाकणाची कड दातांत धरली. मी सुरू केलं.

त्यांनी डोळे मिटले. पहिल्यांदा मान हलवली, माग ओळखीचे होते. मग भुवया जवळ आल्या. त्यांनी झाकण काढून मला विचारलं, "हे काय हाय? हे माग न्हाय."

मी माझ्या छातीवर हात ठेवला. त्यांनी पुन्हा झाकण दातांत धरलं आणि बराच वेळ तसेच राहिले. त्यांचं बोलणं सुरू झालं तेव्हा मी बोटाने त्यांच्याकडे खूण केली. तेही त्यांच्या दातांना जाणवलं असावं, कारण त्यांनी माझा हात घट्ट धरला.

परवानगी त्यांनी लगेच दिली. नाव लावू नका, एवढंच म्हणाले. मी निघण्यासाठी उठले तर त्यांनी थांबवलं. काहीतरी विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. विद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"माजा आवाज कसा हाय आता?" त्यांनी विचारलं. "घरात कुनी सांगत न्हाय. चांगला हाय म्हनतात. तुमचं काम हाय ना हे? खरं सांगा."

वीस वर्षांत माझ्या कामाबद्दल इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्यांच्यासमोर बसले आणि तोंडाने नीट दाखवत सांगितलं. आवाज थोडा मोठा लागतो. शब्दांची शेवटची अक्षरं कधीकधी गळतात. काही शब्द नाकातून येतात. पण आवाज कापत नाही, आणि ऐकणाऱ्याला धीर येतो. यातलं काहीही मी गोड करून सांगितलं नव्हतं, आणि ते त्यांना कळलं.

"शेवटचं अक्षर," ते म्हणाले, आणि मग सावकाश, ठासून, दोनदा माझ्या नावाचा उच्चार केला. शेवटचं अक्षर दोन्ही वेळा पूर्ण आलं.

सांगलीत

आधी डॉक्टर, मग सुहास, असं गाडीतच ठरवलं होतं. उजवा कान पहिल्यासारखा झाला होता. डावा होता त्याहून थोडा खाली आलाय, आणि तेवढा भाग बहुतेक परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढे काय, हे त्यांनाही माहीत नाही. मी तपासणीचा कागद पिशवीत घातला आणि थेट तालमीच्या हॉलवर गेले.

सुहास एकटाच होता, खुर्च्या मांडत होता. मी रेकॉर्डिंग लावलं. तो माझ्या डाव्या बाजूला बसून ऐकत होता. बारा मिनिटं त्याने पाय हलवला नाही. संपल्यावर त्याने काहीतरी विचारलं आणि मला ते कळलं नाही. पूर्वी मी हसून वेळ मारून नेली असती.

मी म्हटलं, "सुहास, मला या कानाने नीट ऐकू येत नाही. थंडीपासून. हा जो आवाज ऐकलास तो त्याच भीतीचा आहे, आणि ती भीती गेलेली नाही." मग पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढून त्याच्या हातात दिला.

त्याने कागद वाचला, घडी घालून मला परत दिला. मला वाटलं आता तो म्हणेल की एवढं नाटक कर, पुढचं मग बघू. तो उठला, आपली खुर्ची उचलून माझ्या उजव्या बाजूला आणून ठेवली, बसला, आणि दुसऱ्या अंकाबद्दल बोलू लागला.